घराचे वासे



‘घर फिरलं की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण आपण दिवस फिरलेल्या माणसासाठी वापरतो. आज मी ती एका विषाणूच्या निमित्तानं तपासून बघणार आहे. त्या विषाणूचं नाव मराठी मुलखातलंच आहे, चांदीपुरा. १९६५ साली नागपुरातल्या चांदीपुरा भागात तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला तो सापडला. हेच केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. नंतर कितीतरी वर्षं त्याची फारशी चर्चा नव्हती. मग २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वरानं ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ दगावली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत, म्हणजे आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या शेजारी, त्यानं पुन्हा डोकं वर काढलं. काल अंगणात खेळणारं मूल आज तापानं फणफणतं, झटके येतात, शुद्ध हरपते. कधी कधी दोन दिवसही हाती मिळत नाहीत. त्यावर नेमकं औषध नाही, लसही नाही.

एवढं करणाऱ्या या विषाणूची शिदोरी केवढी? आरएनएच्या धाग्यावर लिहिलेली सुमारे ११ हजार अक्षरं आणि पाच प्रथिनं. बस्स! आपल्याकडे प्रथिनं बनवणारी जनुकंच २० हजारांच्या आसपास आहेत. पाच जण वीस हजारांच्या गावाला भारी पडतात, ते गावाच्याच जिवावर.

ते कसं, ते बघू. चांदीपुराचा आरएनए उलट्या बाजूनं लिहिलेला असतो. जुन्या छापखान्यात खिळे जुळवलेलं पान जसं थेट वाचता येत नाही, छापून घ्यावं लागतं, तसं. हा छपाईचा कारागीर विषाणू स्वतःबरोबर आणतो. छापलेला मजकूर वाचून प्रथिनं घडवणारे रायबोसोम मात्र आपल्या पेशीचे. कच्चा माल आपला, इंधन आपलं.

कारागिराच्या हाताखाली विषाणूचंच ‘पी’ नावाचं प्रथिन असतं. या ‘पी’वर फॉस्फेटचा एक शिक्का उमटतो. तो उमटवणारं प्रथिन आपल्या पेशीचं आहे, त्याचं नाव केसीन कायनेज-२. कोलकाता विद्यापीठातल्या संशोधकांनी हे उलगडलं. शिक्का असलेला ‘पी’ प्रथिनांचे निरोप छापून घेतो. शिक्का नसलेला ‘पी’ अख्ख्या धाग्याची नक्कल काढायला मदत करतो. म्हणजे आधी सामान तयार करायचं की पिल्लं वाढवायची, या विषाणूच्या खासगी कारभारातसुद्धा आपल्या घरच्या शिक्क्याचा हात आहे.

ही उसनवारी एकट्या चांदीपुराची नाही. जिवाणूंमध्ये वाढणारा क्यू-बीटा नावाचा एक आरएनए विषाणू आहे. त्याच्या नक्कल काढणाऱ्या यंत्राचे चार भाग. १९७२ पर्यंत स्पष्ट झालं, की त्यातला एकच भाग विषाणूचा आणि उरलेले तीन जिवाणूचे आहेत. जिवाणू ते तीन भाग एरवी स्वतःची प्रथिनं घडवायला वापरतो.

मग ही प्रथिनं फितूर झाली म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. ती रोजचंच काम करत असतात. शिक्का मारणाऱ्याला घरचा कागद कुठला आणि चोराचा कुठला, हे कळत नाही. वासे फिरलेले नसतात, ते फक्त छप्पर पेलत असतात. त्याखाली कोण येऊन बसलं, हे त्यांना ठाऊक नसतं.

औषधाची आशा आणि अडचण, दोन्ही इथंच आहेत. विषाणू आपली अक्षरं भराभर बदलतो, म्हणून त्याच्यावर थेट नेम धरलेलं औषध हुकू शकतं. आपली प्रथिनं इतक्या घाईनं बदलत नाहीत. तेव्हा विषाणूला लागणारी मदतच रोखली तर? पण केसीन कायनेज-२ पेशीची शेकडो कामं करतं. तो वासा उपटला तर चोराबरोबर घरही बसायचं. तेव्हा कोणता वासा काढला तरी घर उभं राहील, हे शोधावं लागतं. एक उदाहरण आहे. एचआयव्ही हाही आरएनएचाच विषाणू. त्याला आत शिरायला सीसीआर-५ नावाचं आपलं प्रथिन लागतं. काही माणसं जन्मतःच या प्रथिनाविना असतात आणि चांगली धडधाकट जगतात. या प्रथिनाची वाट अडवणारं मॅराव्हिरॉक हे औषध २००७ साली अमेरिकेत मान्य झालं. ते सर्वच रुग्णांना चालत नाही, पण वाट आहे हे त्यानं दाखवलं.

चांदीपुरासाठी अशी वाट सापडेपर्यंत आपल्या हातात भिंती आहेत. हा विषाणू वाळूमाशी पसरवते. ती डासाहूनही लहान, मच्छरदाणीच्या मोठ्या छिद्रातून सहज शिरणारी. खानदेशातली मातीची, धाब्याची घरं, ओलसर कोपरे, गोठ्याला लागून असलेल्या खोल्या तिला मानवतात. भिंतींच्या भेगा लिंपून घ्या, शेणाचा ढीग घरापासून दूर ठेवा, मुलांसाठी बारीक जाळीची मच्छरदाणी लावा. आणि पोराला तापात झटके आले, तर अंगारे-धुपारे किंवा उद्याची वाट न बघता त्याच पावली दवाखाना गाठा.

पेशीच्या आतले वासे कुणाला ओळखत नाहीत. भिंतीची भेग मात्र आपल्याला दिसते. ती आजच बुजवता येते.