आधी टाळ, मग तानपुरा
(साखरखेर्डा येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुलांमधील संगीतगुणांची जोपासना’. विषय असा भारदस्त असला की वक्त्याची सोय होते, त्यात काहीही बसवता येतं. मी काय बसवणार ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना जायचं त्यांना वेळेत जाता येईल. गावात गाणारी मुलं हवी असतील तर क्लासची चौकशी करण्याआधी भजनी मंडळाच्या सतरंजीवरची पुढची जागा मुलांसाठी मोकळी करा. तुमच्या गावची १७२४ ची निजामाची लढाई, इथला पलसिद्धांचा मठ, इथले प्रल्हाद महाराज हे मी तुम्हाला सांगायचं नाही, तुमच्याकडून ऐकायचं. म्हणून तो भाग सोडतो आणि थेट सतरंजीवर येतो.

मूल गाण्यात शिरतं ते कोणत्या दाराने, एवढाच माझा प्रश्न आहे. क्लासचं दार एकट्याचं आहे. पेटीसमोर बसायचं, सा लावायचा, अलंकार घोटायचे, आणि चुकलं की ते सगळ्यांना ऐकू जातं. भजनात सहा वर्षांचं पोर टाळ घेऊन बसतं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्याला कोणी मोजून दाखवत नाही, पण महिनाभरात त्याचा हात समेवर पडू लागतो. पुढचा गायक ओळ टाकतो, मागचे ती उचलतात, आणि त्या उचलण्यात पोराचा चुकलेला सूर पंधरा आवाजांत विरून जातो. चुकण्याची ही मुभा फार मोलाची आहे. कार्तिकातला पहाटेचा काकडा धरला तर भूपाळीची चाल आणि रात्रीच्या भजनाची चाल वेगळी असते हेही कानाला कळतं. रागाचं नाव नंतर समजलं तरी चालतं. शाळेकडून फार आशा धरू नका. शिक्षण हक्क कायद्यात कला शिकवायला अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर. वाडीवरच्या लहान शाळेने काय करायचं? दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, हे मात्र सगळ्या पालकांना पाठ आहे. (हशा) हसू नका, त्या गुणांमुळे गावोगाव पेट्या विकत घेतल्या गेल्या. निकालानंतर त्यांतल्या किती उघडल्या जातात, ते आपापल्या घरी जाऊन पाहा.

हे केवळ श्रद्धेपोटी बोलतोय असं कोणाला वाटेल, म्हणून जरा लांबचं उदाहरण देतो. झोल्तान कोदाय हा हंगेरीचा मोठा संगीतकार, १८८२ सालचा. देशातली मुलं गाताना ऐकून तो अस्वस्थ झाला आणि त्याने आग्रह धरला की वाद्याआधी गळा, आणि परक्या सुरावटीआधी आपल्या खेड्यातली लोकगीतं. मुलांनी गायचं तेही एकत्र. त्याच्या जन्मगावी, केच्केमेत इथे, १९५० साली रोज गाणं असलेली पहिली प्राथमिक शाळा निघाली आणि पुढे तशा अनेक निघाल्या. त्याच्या पद्धतीत ‘डो’ एका जागी ठोकलेला नसतो. गाण्याप्रमाणे आणि गळ्याप्रमाणे हलतो, आपल्या षड्जासारखा. म्हणजे जे तिथे मुद्दाम उभारावं लागलं त्याचा निम्मा भाग आपल्या देवळात तयार पडलाय. उरलेला निम्मा, म्हणजे नेटकेपणा, आपल्याकडे नाही, हेही कबूल करतो.

कारण हातात चिठ्ठी आली आहे. लिहितात, ‘भजनात मुलं ओरडायला शिकतात, गळा बसतो, पुढे शास्त्रीय गुरू अशा मुलांना घेत नाहीत.’ चिठ्ठी लिहिणारे पेटीमास्तर असावेत. (हशा) त्यांचा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर पेटीवरच आहे. मुलाच्या स्वरतंतूंची लांबी मोठ्या माणसापेक्षा बरीच कमी असते. काळी एकला बसवलेलं गाणं त्याला खाली पडतं, आणि सप्ताहात दोन मंडळांच्या ईर्षेत चढवलेली पट्टी त्याचा गळा ओरबाडते. त्यात कर्णा लावला की पोर स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून आणखी ताणतं. मुलं पुढे बसली असतील तेव्हा त्यांना पेलेल अशी पट्टी धरा, साधारण काळी चारच्या आसपास, पहिला अर्धा तास कर्णा बंद ठेवा आणि मृदंग जरा हळू वाजवा. याला पैसा लागत नाही, मन मोठं लागतं. दुसरं, मुलगा बारा ते पंधराच्या दरम्यान आला की स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. ते होईपर्यंत आवाज मध्येच फाटतो, मंडळी हसतात, आणि गावातले बरेच मुलगे तिथेच गाणं सोडतात. क्लासमध्ये अशा मुलाला घरी बसवावं लागतं. भजनात त्याला त्या दोन वर्षांसाठी मृदंग देता येतो, तो लयीत राहतो, आणि गळा स्थिर झाला की परत गातो.

गुरू लागतोच, त्याला मी कुठे नाही म्हणतो? पण गुरूकडे जाईपर्यंत कान तयार हवा, आणि गेल्यावर घाई नको. आपल्या वऱ्हाडातलं उदाहरण घ्या. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे तालीम. भालजी पेंढारकरांनी ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात कृष्ण केलं तेव्हा वय जेमतेम पंधरा. आजच्या हिशेबाने हा लिटिल चॅम्प झाला, आता गाडी, बंगला, जाहिराती. झालं काय? ते सैन्याच्या हिशेब खात्यात नोकरीला लागले, बदल्या झाल्या, कचेरीतून सुटल्यावर गाणं, सुरेशबाबू मान्यांसारख्यांकडे पुन्हा शिकणं, एका घराण्यात न मावणारी गायकी घडवणं. मराठी घराघरांत त्यांचं नाव दुमदुमलं ते ‘कट्यार काळजात घुसली’ मधल्या खाँसाहेबांमुळे, १९६७ साली. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचेच. तेव्हा वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. कृष्णापासून खाँसाहेबांपर्यंत बत्तीस वर्षं! मी वसंतरावांवर घसरलो की आवरत नाही, आणि अध्यक्षांनी आता दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. पण मुद्दा तिथेच आहे. ‘पोरगं गाते चांगलं, पण पोटाचं काय?’ असं विचारणाऱ्याला मी हेच सांगेन की नोकरी करून गाणं टिकवता येतं, त्यासाठी ते लहानपणी हाडात मुरलेलं पाहिजे. स्पर्धेच्या बाजूनेही कोणी बोलेल. २००९ साली ‘लिटिल चॅम्प्स’ जिंकलेली कार्तिकी गायकवाड आळंदीची, वडिलांकडे घरीच शिकलेली, अभंग ओठांवर असलेली. दूरचित्रवाणीने तिला दाखवलं. गाणारी तिला केली घराने. शिवाय स्पर्धेत एक जिंकतो आणि बाकीचे घरी जातात. भजनातून घरी कोणालाच पाठवत नाहीत.

वेळ संपत आलीय, दोन आक्षेप उरतात, घाईने घेतो. पहिला, हे एकाच देवळाचं झालं. नाही. ज्या वस्तीत भीमगीतं गातात तिथे वामनदादा कर्डकांची परंपरा आहे, ढोलकी आहे, कोरस आहे. मोहल्ल्यात नात आणि कव्वाली आहे, टाळ्यांचा ठेका आहे. जिथे समूह गातो तिथे पुढची जागा पोरांना द्या, माझं म्हणणं तेवढंच. दुसरी चिठ्ठी महिला मंडळाकडून आलेली दिसते, अक्षर सुंदर आहे आणि मजकूर कडक: ‘पुढची जागा मुलांना म्हणजे मुलग्यांना का?’ बाई, बरोबर पकडलंत. मुलीचा आवाज वयात येताना थोडासाच उतरतो, मुलग्यासारखा फाटत नाही. म्हणजे गाणं थांबवायला तिच्या गळ्याकडे काही कारण नाही, आणि नेमकी तीच बारा-तेराव्या वर्षी सतरंजीवरून उठवली जाते. येत्या काकड्याला पहिली ओळ टाकायला एखाद्या मुलीला बसवा. पेटीमास्तर पट्टी सांभाळतील, ते आज इथेच आहेत. घंटा झाली. थांबतो.