दहा मीटरांचे अंतर

(उज्जैन येथे मराठी भाषिक श्रोत्यांसमोर केलेले भाषण)



उज्जैन म्हटले की महाकाल, क्षिप्रेचे घाट आणि शिंदेशाहीत माळव्यात येऊन रुजलेली मराठी घराणी डोळ्यांसमोर येतात. नेमबाजी सहसा कोणास आठवत नाही. तथापि येथून इंदूरमार्गे महूस गेले, की तेथे भारतीय सेनेचे आर्मी मार्क्समनशिप युनिट हे नेमबाजीचे प्रशिक्षण केंद्र लागते. लंडन येथे २०१२ साली जलद पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविणारे श्री. विजय कुमार याच केंद्रात घडले.

आजचा विषय हवाई पिस्तुलाचा. हा प्रकार १९८८ साली सोल येथे ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. यात बंदुकीची दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोराने ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा सुटतो. अंतर अवघे १० मीटर, म्हणजे शाळेच्या लांब व्हरांड्याएवढे. इतक्या जवळून कोण चुकेल, असे नवख्यास वाटते. परंतु पिस्तूल उभ्याने, एकाच हाताने, मनगटास कसलाही आधार न देता धरावयाचे असते आणि दहा गुणांचे वर्तुळ सदऱ्याच्या बटणाएवढे, ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याच्याही पोटात तुरीच्या दाण्याएवढे, ५ मिलिमीटरांचे आणखी एक वर्तुळ असते. प्राथमिक फेरीत ७५ मिनिटांत ६० छर्रे मारावयाचे. स्त्रियांस पूर्वी ४० होते. २०१८ पासून त्यांनाही ६० झाले.

द्रोणाचार्यांनी परीक्षा घेतली तेव्हा अर्जुनास केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, ही कथा नेमबाजीच्या प्रत्येक समारंभात सांगितली जाते. पिस्तुलाच्या बाबतीत ती नेमकी उलटी आहे. नेमबाजाची नजर स्थिर असते ती नळीच्या टोकावरील माशीवर. लक्ष्य त्याला धूसरच दिसते, आणि तसेच दिसावयास हवे. माशी व मागील खाच यांत सुमारे एक वीत-दीड वीत अंतर असते. माशी खाचेत एका मिलिमीटरने सरकली, तर दहा मीटरांवर छर्रा जवळजवळ तीन सेंटिमीटर बाजूस जातो आणि दहाऐवजी सात गुण पडतात. हात थोडा हलतच राहतो, कोणाचाही. तो हलत असताना माशी खाचेतून न ढळू देता चाप हळुवार मागे आणणे, हेच सारे कौशल्य होय.

नेपाळमधील एका खेड्यात जन्मलेले व गोरखा पलटणीत भरती झालेले श्री. जितू राय यांना महूच्या केंद्राने आरंभी दोनदा परत पाठविले होते. गुण पुरेसे पडत नव्हते. ते पुन्हा आले. २०१४ साली इंचॉन येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. २०१६ साली रिओ येथे हवाई पिस्तुलाच्या अंतिम फेरीत मात्र ते आठवे, म्हणजे शेवटचे ठरले. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात त्यांनी सुवर्णपदक पटकाविले.

पॅरिस येथे २०२४ साली श्री. सरबज्योत सिंग यांना ५७७ गुण मिळाले. आठव्या क्रमांकाच्या जर्मन नेमबाजासही ५७७च. अंतिम फेरीत आठच जण जातात. त्या तुरीच्या दाण्याएवढ्या वर्तुळात जर्मन खेळाडूचे १७ छर्रे बसले होते, सरबज्योत यांचे १६. ते नववे राहिले. दुसऱ्या दिवशी, २८ जुलै रोजी, कुमारी मनू भाकर यांनी कांस्यपदक मिळविले. रौप्यपदकाची संधी एका दशांश गुणाने हुकली. त्याआधी २०२१ साली टोकियोत त्यांचे पिस्तूल प्राथमिक फेरीतच बिघडले होते आणि दुरुस्तीत अमूल्य मिनिटे गेली होती. ३० जुलै रोजी याच दोघांनी मिश्र सांघिक प्रकारात कोरियाच्या जोडीस १६-१० असे हरविले व कांस्यपदक घेतले.

महाराष्ट्रात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे हे एका शिक्षकाचे पुत्र, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेले. पॅरिसचे त्यांचे कांस्यपदक रायफलचे आहे. पण पिस्तूल असो वा रायफल, खेड्यातील मुलास अडचण एकच येते : साधन महाग आणि रेंज दूर.

शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या खेळाचा बराचसा सराव छऱ्याविना होतो. कोऱ्या भिंतीसमोर उभे राहावयाचे, हात उचलावयाचा, श्वास आवरून माशी खाचेत ठेवावयाची, रिकामा चाप ओढावयाचा आणि हात खाली आणावयाचा. मोठे नेमबाजही हे रोज करतात. मात्र सरावापूर्वी पिस्तूल खरोखर रिकामे आहे हे जबाबदार व्यक्तीने स्वतः पाहिले पाहिजे, आणि नळी कधीही माणसाच्या दिशेने वळता कामा नये. स्पर्धेत तर मेजावर ठेवलेल्या पिस्तुलाच्या नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालावीच लागते. ती नसेल, तर पंच आधी तिथेच येऊन थांबतात.