वडील काय करतात?

(बेंगळुरूत नोकरी शोधणाऱ्या मराठी मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच उद्यान एक्सप्रेसने या शहरात आला आहात. सॅकमध्ये सर्टिफिकेटांची फाईल, इस्त्रीचा एक शर्ट, आणि गाववाल्याच्या पीजीत जमिनीवर पथारी. आज मला विषय दिलाय, मुलाखतीतला आत्मविश्वास. त्यावर बोलतो. पण आधी एक कबुली देतो.

या शहरातली माझी पहिली मुलाखत. कामाचे प्रश्न बरे गेले. शेवटी समोरच्या साहेबांनी हसत विचारलं, "वडील काय करतात?" माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. मी म्हणालो, "शेती." ते म्हणाले, "किती एकर?" मी म्हणालो, "बारा." ते बारा एकर मालकाचे होते. नोकरी मिळाली. वडिलांना फोनवर सगळं सांगितलं, एवढं एक सोडून.

काही वर्षांनी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो. मराठवाड्यातला एक मुलगा आला. फळ्यावर लिहिलेला त्याचा प्रोग्राम बरोबर होता. माझ्या सहकाऱ्याने त्याला तोच प्रश्न विचारला. मुलगा म्हणाला, "नगरपरिषदेत सफाई कामगार आहेत." खरं बोलला. पण त्यानंतर त्याचा आवाज खाली गेला. तो बाहेर पडल्यावर सहकाऱ्याने शेरा लिहिला, 'कॉन्फिडन्स कमी, टीममध्ये फिट होणार नाही.' मी त्याखाली सही केली. काही बोललो नाही. त्या मुलाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

ही गोष्ट एका खोलीपुरती नाही. 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला. त्यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावाचा. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. म्हणजे तुम्ही खोलीत शिरण्याआधीच चाळणी लागलेली असते. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी 25 कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं. जात बघतो असं कुणी म्हणत नव्हतं, सगळे मेरिटचं नाव घेत होते. पण उमेदवाराचं 'फॅमिली बॅकग्राउंड' मात्र जवळपास सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि आपल्या याच बेंगळुरूतल्या आयटी कंपन्यांचा अभ्यास करून कॅरल उपाध्या यांनी दाखवलं, की 'सॉफ्ट स्किल्स' म्हणून जे मोजलं जातं ते बरंचसं शहरी, इंग्रजी, मध्यमवर्गीय घरात आपोआप मिळणारं वळण असतं.

ज्याच्या घरी रोज जेवताना ऑफिसच्या गप्पा होतात, त्याची मुलाखतीची तयारी लहानपणापासून चाललेली असते. आपल्या घरी साहेबासमोर मान खाली घालायला शिकवलं. तेव्हा तसं करणं ही घरच्यांच्या पोटाची गरज होती. म्हणून तुमचा आवाज खाली गेला तर तो तुमचा दोष समजू नका. पण तो तसाच राहू देऊ नका. सायकल शिकतो तसं हेही शिकता येतं.

बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. 1917 साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथे शिपाई फायली लांबून टाकायचे. राहायला खोली मिळेना, म्हणून पारशी नाव लावून त्यांना एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना तिथून निघावं लागलं. विद्वत्तेत, आत्मविश्वासात बाबासाहेब कुठे कमी होते? कमी होतं ते समोरच्यांकडे. पण पुढे त्यांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवला, लपवला नाही. माझ्या बारा एकरांबद्दल आज तुमच्यासमोर बोलायचं बळ मला तिथून मिळालं.

आता कामाच्या चार गोष्टी.

पहिली. स्वतःची ओळख दीड मिनिटात सांगायला शिका. कुठला प्रश्न होता, मी नेमकं काय केलं, त्यातून काय निघालं. आधी मराठीत सांगा, मग इंग्रजीत. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. इंग्रजी शहरी वळणाचं नसलं तरी चालतं. वाक्य छोटं आणि पूर्ण हवं.

दुसरी. उत्तर येत नसेल तर गप्प बसू नका, थापही मारू नका. "हे मी केलेलं नाही, पण करायचं झालं तर सुरुवात इथून करेन," असं म्हणा आणि विचार मोठ्याने मांडा. विचार करायला अर्धा मिनिट मागितला तर कुणी हाकलत नाही.

तिसरी. "वडील काय करतात?" याचं उत्तर घरूनच ठरवून जा, कारण तिथे ऐनवेळी सुचत नाही. "वडील शेतमजूर आहेत. मी समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकलो. आता माझ्या प्रोजेक्टबद्दल सांगतो." तीन वाक्यं, एकाच आवाजात. सांगायचं नसेल तर सरळ कामाच्या विषयावर या, तो तुमचा हक्क आहे. आणि त्या क्षणी कुणी माझ्यासारखं खोटं बोललंच, तर आयुष्यभर स्वतःला कोसत बसू नका. त्या प्रश्नाचा नोकरीशी संबंध नव्हता.

चौथी. एकटे तयारी करू नका. दर रविवारी चौघांनी बसा. एकाने उमेदवार व्हायचं, तिघांनी पॅनेल. त्रासदायक प्रश्न मुद्दाम विचारा. तो प्रश्न पहिल्यांदा आपल्या माणसाच्या तोंडून ऐकलेला बरा. पहिल्या रविवारी हात थरथरतील, पाचव्या रविवारी नाही.

आणि जे नोकरीत स्थिरावले आहेत, पॅनेलवर बसतात, त्यांना माझं वेगळं सांगणं आहे. 2016 पासून केंद्र सरकारने क आणि ड गटाच्या आणि ब गटातल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. खाजगी क्षेत्रात मात्र मुलाखत आहे आणि आरक्षण नाही. तिथे त्या खोलीत बसलेला आपला माणूस फार मोलाचा असतो. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. आपसांत चर्चा करण्याआधी प्रत्येकाने गुण कागदावर लिहा. कुणी 'फिट नाही' म्हटलं तर विचारा, "कुठल्या उत्तरावरून?" एवढं विचारायला दोन सेकंद लागतात. त्या दिवशी मी ते विचारलं नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी विचारलंय. काही वेळा शेरा बदलला, काही वेळा नाही.

वडील आता थकलेत. गेल्या दिवाळीला त्यांना बारा एकरांचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "अरे, बाराच का? चोवीस सांगायचे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "सालगडी म्हणाला असतास तर नोकरी दिली नसती का रे त्यांनी?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या मुलांच्या वेळी ते असावं, म्हणून आजपासून रविवारी बसू या.

जय भीम.