खोडदचे कान आणि शाळेतील परिपथ



विषय तंत्रज्ञांचा, आणि मी कलाशाखेचा पदवीधर. तरीही बोलतो, कारण त्याचा धागा पुण्याहून थेट खोडदच्या शिवारात जातो. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण तेथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की वीजतारेच्या सैल जोडातील ठिणगीही तो झाकून टाकते. ठिणगी म्हणजे परवान्याविना चालणारे प्रक्षेपण केंद्रच! त्यामुळे आसपासच्या तारांकडे तर लक्ष द्यावे लागतेच, पण आपल्याच यंत्रांचा गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनाही धातूचे आवरण घालावे लागते.

विज्ञान प्रदर्शनातील परिपथाचे दुखणे हेच. बाकावर तो नीट चालतो. शेजारी पंप सुरू होताच बिथरतो. दोष विद्यार्थ्याच्या माथी मारू नये. लांब तार ही आपोआप एरियल बनते. ती आखूड करावी. आयसीच्या वीजपुरवठ्याच्या पायांना अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. वेगाने बदलणाऱ्या गोंगाटाला तो जवळची वाट देतो, स्थिर दाब मात्र अडवून धरतो. परिपथ धातूच्या डब्यात ठेवून डबा त्याच्या ऋण तारेशी जोडावा. मात्र आत शिरणारी तार गोंगाटही आत आणते. तिला दारातच फेराइटचे कडे घालावे.

आणि सदस्यहो, गावातील खांबावर रात्री ठिणगी दिसली, तर स्वतः चढू नका. वीज कंपनीच्या कार्यालयात खांबाच्या क्रमांकासह लेखी कळवा.