पिकाकडे बघता, पाण्याकडे बघा

घरातल्या कुणी यकृताचा भाग दिला, ऑपरेशन पार पडलं, की पेढे वाटले जातात. खुशाल वाटा. माझं भांडण त्याच्या पुढचं आहे. पेशंट हिंडायला-फिरायला लागला की डॉपलरची, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीची, तारीख चुकते!

यकृत म्हणजे शेत समजा. त्याला पाणी दोन ठिकाणांहून येतं. कालवा म्हणजे आतड्यांकडून येणारी पोर्टल व्हेन. सोळा आण्यांतलं बारा आणे रक्त तिचं. दुसरी विहिरीवरची बारीक नळी, म्हणजे धमनी. जिवंत दात्याच्या तुकड्याला ही नळी बहुधा दोन-तीन मिलिमीटरचीच मिळते, कारण दात्याचा वाटा त्याच्याकडे ठेवावाच लागतो. केसाहून बारीक धाग्यानं ती जोडतात.

आता नीट ऐका. नव्या यकृतातल्या पित्तनलिका जगतात त्या या बारीक नळीवरच. तिच्यात गुठळी झाली, तर कालवा दुथडी भरून वाहत असला तरी पित्तनलिका सुकतात. मग पित्त गळतं, यकृतात पू होतो. आणि सुरुवातीला पेशंटला काही जाणवेलच असं नाही. म्हणून पहिले काही दिवस डॉपलर पुन्हा पुन्हा करतात. गुठळी लगेच सापडली तर ती काढून यकृत वाचवता येतं. उशीर झाला तर दुसरं यकृत लागू शकतं. घरात दुसरा दाता आहे का?

तिसरी गोष्ट निचऱ्याची. उसाच्या पट्ट्यात निचऱ्यावाचून चोपण झालेली रानं तुम्ही पाहिली आहेत. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेचा जोड आवळला की यकृत तसंच तुंबतं, पोटात पाणी साठतं. हे काही महिन्यांनी, वर्षांनीही होतं! पोर्टल व्हेनचा जोड आवळला तर प्लीहा वाढते, प्लेटलेट घटतात. वेळेत कळलं तर बरेचदा पोट न उघडता फुग्यानं जोड रुंद करता येतो. पण कळणार कसं? डॉपलरनं. पीक हिरवं दिसतं म्हणून पाटावर फेरी मारायची नाही, असं कोणता शेतकरी करतो?

लहान मुलांच्या धमन्या तर याहून बारीक. पण समोरून वेळ संपल्याची खूण होते आहे. एवढंच ऐका: रक्त पातळ ठेवणारी गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्यानं बंद करू नका, आणि बरं वाटतंय म्हणून डॉपलर चुकवू नका. बरं वाटत असतानाच ते करायचं असतं.