रक्तात उतरलेला हाडांचा हिशेब

हाडं म्हटलं की आपल्याला कॅल्शियम आठवतं. पण नुसतं कॅल्शियम म्हणजे खडू. जरा वाकवला की तुटला. हाडाला चिवटपणा येतो तो कोलॅजेन या प्रथिनामुळे. तीन पेड वळून सुंभाचा दोर करावा, तशा तीन साखळ्या एकमेकींत वळून ते बनतं. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच लागतं. ठरल्या जागी रदीफ आली नाही तर शेर उभा राहत नाही, हे आम्हा गझल लिहिणाऱ्यांना ठाऊक असतं. इथे एक जागा चुकली तरी पीळ नीट बसत नाही.

जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, बहुधा इथूनच सुरू होतो. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक मूल. १९७९ साली ऑस्ट्रेलियात डेव्हिड सिलेन्स आणि सहकाऱ्यांनी त्याचे चार प्रकार मांडले. सौम्य प्रकारात कोलॅजेन चांगलं असतं, पण निम्मंच बनतं. गंभीर प्रकारांत जे बनतं तेच बिघडलेलं.

मोजायचं कसं? या दोराच्या टोकांना जादा तुकडे असतात. पेशीबाहेर आल्यावर ते कापले जातात आणि रक्तात उतरतात. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांवरून किती कपडे शिवले ते ताडावं, तसा हा हिशेब. सौम्य प्रकारच्या रुग्णांत हे तुकडे कमी सापडतात.

पण कमी म्हणजे कोणापेक्षा? वाढत्या वयात हाडं झपाट्यानं बनतात, म्हणून मुलांचा आकडा मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त. सात वर्षांच्या मुलीचा आकडा तिच्याच वयाच्या निरोगी मुलींशी ताडावा लागतो. त्या मुलींच्या आईबापांनी, स्वतःचा काही लाभ नसताना, लेकीला सुई टोचू दिलेली असते. मला या माणसांचं फार अप्रूप वाटतं.

हा आकडा हाड कधी मोडेल ते मात्र सांगत नाही. नक्की निदानासाठी जनुकांची तपासणी लागते. तिचं मोल, तान्ह्याचा पाय लंगोट बदलताना मोडतो त्या घराला विचारा. एक्स-रेमध्ये जुनी-नवी फ्रॅक्चरं दिसतात आणि संशय आईबापांवरच जातो. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाची निळसर झाक ही खूण खरी, पण ती प्रत्येक रुग्णात नसते, आणि निरोगी तान्ह्यांतही दिसते.

निदान झालं की आईला पहिली गोष्ट शिकवतात ती साधी: लंगोट बदलताना बाळाचे पाय घोट्यांना धरून उचलायचे नाहीत, कुल्ल्यांखाली तळहात सरकवून बाळ अलगद उचलायचं.