चिमूटभर जस्त, मोजकी चांदी

इट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचे एक काळे, ठिसूळ सिरॅमिक आहे. अभ्यासक त्याला ‘वायबीसीओ’ म्हणतात. १९८७ साली ते गवसले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत एकच धांदल उडाली. कारण सुमारे ९३ केल्व्हिनखाली त्याचा विद्युतरोध शून्य होतो, म्हणजे ते अतिसंवाहक बनते. एवढ्या थंडीला महागडे द्रव हेलियम लागत नाही, ७७ केल्व्हिनला उकळणारा द्रव नायट्रोजन पुरतो.

अशा पदार्थाच्या चकतीचा चुंबक करता येतो; पण रोध गेला म्हणून तो जोरकस होतोच असे नाही. या अतिसंवाहकाच्या चकतीत चुंबकीय क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपाने शिरते. आतला प्रवाह या भोवऱ्यांना ढकलतो. ते सरकू लागले की ऊर्जा वाया जाते आणि चकतीने धरलेले क्षेत्र ओसरते. म्हणून गुरे दावणीला बांधावीत तसे भोवरे जागच्या जागी बांधावे लागतात. निर्दोष स्फटिकात खुंटच सापडत नाही; तो मुद्दाम रोवावा लागतो.

पहिला खुंट घरचाच. त्याच मूलद्रव्यांचे वेगळ्या प्रमाणातले एक हिरवे संयुग असते. चकती वाढवताना त्याचे कण आत राहू देतात. थोडे प्लॅटिनम किंवा सिरियम ऑक्साइड मिसळले की हे कण बारीक राहतात आणि भोवरे अधिक घट्ट धरले जातात.

जस्ताचे काम नाजूक. ते थेट तांब्याच्या जागी बसते आणि आपल्याभोवतीची अतिसंवाहकता मारते. अणूएवढा खुंट मिळतो खरा, पण शेकडा दोन अणू बदलले तरी रोध शून्य होण्याचे तापमान दहा अंशांहून अधिक उतरते. त्यामुळे जस्त चिमटीनेच घालायचे.

चांदी स्फटिकाच्या रचनेत शिरत नाही. ती भेगा नि पोकळ्या भरून काढते, आणि याची फार गरज असते; कारण धरलेल्या क्षेत्राच्या दाबानेच चकती आतून फुटू शकते. २०१४ साली केंब्रिजच्या संशोधकांनी चांदी मिसळलेल्या, गॅडोलिनियमयुक्त चकत्यांना पोलादी कडी घट्ट बसवली. २६ केल्व्हिनला त्या चकत्यांनी १७.६ टेस्ला क्षेत्र धरून ठेवले. रुग्णालयांतली एमआरआय यंत्रे बहुधा दीड किंवा तीन टेस्लांची असतात.

तेव्हा नवे मूलद्रव्य मिसळण्याआधी ते चकतीत कुठे जाऊन बसेल, हे पाहावे लागते. मात्रा त्यावरून ठरते.